बापाच्या नावाचा रकाना

"आई असावी तर अशी!" हे वाक्य आपण मराठी वाचक फार सहज उच्चारतो. पुस्तक मिटावे, चष्मा पुसावा, हे वाक्य म्हणावे, की आपले वाचन सुफळ संपूर्ण. परवा ट्रेव्हर नोआ ह्या दक्षिण आफ्रिकेतल्या विनोदी नटाचे 'बॉर्न अ क्राइम' (२०१६) वाचून संपवले तेव्हा माझ्याही तोंडी तेच आले असते. पण ज्या जागी बसून ते वाचले तिथे शेजारी असे काही चालले होते, की वाक्य ओठांवर येऊन थांबले.

सध्या मी रजेवर सुरतेला आहे, बमरोलीत, मेहुणीच्या घरी. माझे सासर अमळनेरचे. सौभाग्यवतीची थोरली बहीण लग्न होऊन इथे आली आणि साडू इथल्याच एका डाइंग मिलमध्ये आहेत. बमरोली म्हणजे उधना-पांडेसऱ्याला चिकटलेली गिरणी-कारखान्यांची वस्ती. एकेकाळचे वेगळे गाव, आता महानगरपालिकेत गेलेले. दिवसरात्र यंत्रमागांची खटखट. पहिल्या दोन रात्री झोप आली नाही. आता खटखट थांबली की जाग येते! गल्लीत धुळे-जळगाव-नंदुरबारची अहिराणी, पलीकडे ओरिसाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेल्या मागवाल्यांची उडिया आणि दुकानात गुजराती. सुरतेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत, हे मला इथे आल्यावर कळले. आम्ही गोव्यात मराठी-कोंकणीवर एवढे भांडतो. इथे एकाच पालिकेच्या शाळा गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगूतही चालतात.

नोआचे पुस्तक भाच्याचे. इंग्रजी सुधारावे म्हणून कोणी तरी त्याला दिलेले. त्याने चाळीस पाने वाचून ठेवले, मी उचलले.

ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दक्षिण आफ्रिकेत १९२७ साली कायदा झाला, की गोरा आणि काळी (किंवा उलट) ह्यांनी लग्नाबाहेर संबंध ठेवला तर पुरुषाला पाच आणि बाईला चार वर्षांपर्यंत कैद. १९४९ मध्ये गोऱ्या-बिगरगोऱ्यांच्या लग्नालाही बंदी आली. १९५० मध्ये माणसांची वंशवार नोंदणी सुरू झाली. अशा देशात १९८४ च्या फेब्रुवारीत जोहान्सबर्गला ट्रेव्हरचा जन्म झाला. आई पॅट्रिशिया ही खोसा जमातीची काळी बाई आणि बाप स्विस गोरा. म्हणजे मूल हाच गुन्ह्याचा पुरावा. पुस्तकाचे नाव त्यावरूनच. पुढल्याच वर्षी, १९८५ मध्ये, तो कायदा गेला. पण मूल काही वर्षभर थांबून जन्माला येत नाही.

त्या आईची हुशारी वाचताना मजा वाटते आणि पोटात कालवतेही. ती टायपिंग शिकून ऑफिसात सेक्रेटरी झालेली. (आम्हां कारकुनांच्या जातीची, म्हणून मला अधिकच जवळची.) मुलाला घेऊन बागेत जायचे तर ती एका मिश्रवर्णी शेजारणीला बरोबर नेई. मुलाचा हात शेजारणीच्या हातात, आणि सख्खी आई मागून मोलकरणीसारखी चालते आहे. आजीकडे सोवेटोत गेले की पोराला घराबाहेर सोडायचे नाही, कोणी पाहील. एकदा बागेत पोरगा "डॅडी, डॅडी" करीत बापामागे धावला आणि बाप लोक बघतील म्हणून पळत सुटला. जन्मदाखल्यावर तर बापाचे नावच नाही, आणि जन्मस्थळही आईने खोटे सांगितलेले.

दाखल्याचा हा उल्लेख आला तिथे मी थांबलो. वीस वर्षे सरकारी खुर्चीत काढलेला माणूस दुसरे काय करणार? बाकीचे वाचक आईच्या धैर्याने हेलावतात, माझी नजर रकान्यावर जाते. रकाना रिकामा असला म्हणजे काउंटरच्या अलीकडे काय होते हे मला ठाऊक आहे. अर्ज बाजूला पडतो. "वडिलांना घेऊन या" असे सांगितले जाते. सांगणारा दुष्ट असतोच असे नाही. त्याच्यासमोर छापील कागद असतो आणि कागदाला भरलेली चौकट लागते.

इथे बमरोलीत मेहुणीच्या समोरच्या खोलीत नंदुरबारकडची एक बाई राहते. घरी साड्यांचे गठ्ठे आणून धागे कापण्याचे काम करते. यंत्रावर भरतकाम झाल्यावर साडीच्या उलट्या बाजूला धाग्यांची जाळी लोंबत असते, ती एकेक कापायची. पैसे नगावर. कात्रीने उजव्या अंगठ्याला घट्टा पडलेला. नवरा कधीचाच निघून गेला, कुठे आहे ते तिला माहीत नाही. मुलगी दहावी झाली, हुशार आहे. जातीच्या दाखल्यासाठी बाई दोन महिने हेलपाटे घालते आहे, आणि प्रत्येक ठिकाणी मागतात ते बापाचे कागद: बापाचा शाळा सोडल्याचा दाखला, बापाचा पुरावा, बापाचा रहिवास. मी सरकारात आहे म्हटल्यावर साहजिकच कागदांची पिशवी माझ्यापुढे आली. गोव्याचा कारकून गुजरातेत काय उपयोगाचा! तरी सगळे कागद वाचले. आईचे नाव सगळीकडे होते. रेशनकार्डावर, शाळेत, लाइटबिलावर आणि मुलीच्या वह्यांवरसुद्धा. पण त्या एका चौकटीत ते चालत नव्हते.

त्यात दुसरी मेख अशी, की पोटासाठी राज्य ओलांडले की मूळ राज्यातली अनुसूचित जात नव्या राज्यातल्या राखीव जागांना उपयोगी पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात सांगितले आणि २०१८ मध्ये बीर सिंग प्रकरणात पुन्हा सांगितले. म्हणजे रेल्वेत बसताना जात गावातच राहते असे कायदा मानतो. खोली भाड्याने देताना घरमालक मात्र तसे मानत नाही. आडनाव विचारल्याशिवाय तो किल्ली देत नाही, हे मेहुणीनेच सांगितले.

असे असताना मी रात्री नोआ वाचत होतो आणि मला सारखे आठवत होते ते आपले 'अक्करमाशी'.

शरणकुमार लिंबाळे ह्यांचे हे आत्मकथन १९८४ सालचे. योगायोग असा, की ज्या वर्षी ट्रेव्हर जन्मला त्याच वर्षी हे पुस्तक आले. मी कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचले आणि आमच्या बी. ए.च्या वर्गातल्या एका मुलीने ते "घाण आहे" म्हणून परत केलेले मला आठवते. बारा मासे म्हणजे एक तोळा. बारा भरले तो पुरा, बारामाशी. अकरा भरले तो कमअस्सल, अक्करमाशी. आई दलित, बाप गावचा पाटील. बाप जवळच्या गावात उजळ माथ्याने राहतो आणि मुलगा त्याचे नाव घेऊ शकत नाही. लेखकाला वाढवले ते आजीने, संतामायने, आणि तिच्याबरोबर राहणाऱ्या दस्तगीर ह्या मुसलमान गृहस्थाने. शाळेत नाव घालताना मास्तरांनी बापाच्या जागी त्या पाटलाचे खरे नाव लिहिले, तर पाटील ते खोडायला आला. मास्तर बधले नाहीत. पुढे सवलतीच्या अर्जावर सही हवी तर पुन्हा पंचाईत: पोरगा कोणाचा म्हणून लिहायचे? बाप लिंगायत, आई महार, सांभाळणारा मुसलमान. सरपंचाची लेखणी अडते.

पाहिलेत? जोहान्सबर्ग काय आणि अक्कलकोट तालुका काय, रकाना तोच.

फरक आहे, आणि तो मला फार मोठा वाटतो. आफ्रिकेत गुन्हा कायद्याने ठरवला होता, म्हणून कायदा रद्द करता आला. तारीख सांगता येते. आपल्याकडे घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता २६ जानेवारी १९५० पासून बेकायदा आहे आणि १९५५ मध्ये शिक्षेचा कायदाही झाला. लिंबाळ्यांचा जन्म त्यानंतरचा, १९५६ चा. त्यांच्या बाबतीत कायद्याने कोणताच गुन्हा नव्हता. गाव मात्र रोज शिक्षा देत होता. जे कागदावर लिहिलेलेच नाही ते रद्द कसे करणार?

दुसरा फरक आयांचा. पॅट्रिशियाने मूल मागून घेतले. मला मूल हवे, तू वाढवायला नसलास तरी चालेल, असे त्या माणसाला सांगून. तिच्याकडे नोकरी होती, शहर होते, भाड्याची खोली होती. म्हणून तिचा मुलगा आज हसत हसत ही गोष्ट सांगू शकतो. लिंबाळ्यांच्या मसामाईला कोणी विचारले होते? तिचा संसार मोडला, पहिली मुले नवऱ्याने ठेवून घेतली, पाटलाने काही दिवस ठेवले आणि सोडले. पुढे ती दुसऱ्या एका पाटलाच्या आधाराने राहिली. आणि लेखक ह्या आईवर रागावतो. सरळ, उघड रागावतो. तू मला का जन्म दिलास, असा त्या रागाचा रोख आहे. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोराने आईला असे विचारावे हे त्या वेळी पुष्कळांना खटकले. मला त्या पुस्तकातला सगळ्यांत खरा भाग तोच वाटतो, कारण बापाला विचारायची सोय नव्हती. जो प्रश्न पाटलाला विचारायचा तो आईच्या पदरात पडला.

त्यातला सहलीचा प्रसंग ज्याने वाचला तो विसरणार नाही. शाळेच्या सहलीत सवर्ण मुलांचे डबे भरलेले, ह्यांच्याजवळ भाकरीचा तुकडा. जेवणे आटोपल्यावर उरलेसुरले ह्या पोरांना मिळते. घरी येऊन पोरगा सांगतो तर आई म्हणते, मग माझ्यासाठी थोडे का नाही आणलेस? आता इथे "आई असावी तर अशी" म्हणायचे कसे? ही आई मुलाच्या ताटात आपला घास टाकत नाही, ती मुलाकडे उष्टे मागते. आणि आजी? ती गुरांच्या शेणातले ज्वारीचे दाणे धुऊन, दळून, त्याची भाकरी स्वतः खाते आणि चांगली भाकरी नातवाला देते. एकाच घरात दोन्ही. ममतेला आपण जी गोड चव लावून ठेवली आहे तिला शेणाचा वास येतो, आणि नातवाला तो पहिल्याच घासाला येतो.

मेहुणीच्या घरात देवघराशेजारी तीनचार पुस्तके आहेत. त्यात 'श्यामची आई' असणारच! अमळनेरचे घर, आणि साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिक्षक. गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले, १९३५ मध्ये ते छापले गेले, आणि तेव्हापासून मराठी आईचे माप तेच आहे. मी ते पुन्हा चाळले. त्यात एक प्रसंग आहे. एक म्हातारी महारीण डोक्यावरची लाकडाची मोळी पडल्यामुळे खोळंबली आहे. आई श्यामला सांगते, जा, तिची मोळी उचलून दे. तो जातो, मोळी देतो, आणि घरी येऊन आंघोळ करतो. लहानपणी हे वाचून मी आईच्या मोठेपणाने भारावलो होतो. त्या काळात एवढे करणे थोडे नव्हते, हे आजही म्हणतो. गुरुजींवर शंका घेण्याचा तर प्रश्नच नाही. पंढरपूरचे देऊळ सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये त्यांनी प्राण पणाला लावले होते.

पण ह्या वेळी माझे लक्ष मोळीवाल्या म्हातारीकडे गेले. तीही कुणाची तरी आई, कुणाची आजी असेल ना? ती घरी गेली असेल, मोळी विकून पीठ आणले असेल, आणि पोराने विचारले असेल, आज उशीर का? तिने काय सांगितले असेल? श्यामच्या आईची गोष्ट आपल्याला श्यामने सांगितली. ह्या म्हातारीची गोष्ट सांगायला तिचा नातू शिकावा लागला, आणि त्याला पुढली चाळीस-पन्नास वर्षे गेली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले, मग 'उपरा', 'अक्करमाशी'. बेबी कांबळे ह्यांचे 'जिणं आमुचं' तर बाईनेच लिहिलेले. २००३ मध्ये ऊर्मिला पवारांचे 'आयदान' आले. तेही आपल्या शेजारच्या रत्नागिरीचे, आईच्या बांबूच्या विणकामावरून नाव घेतलेले. नवरा गेल्यावर सुपे-टोपल्या विणून तिने मुले शिकवली. मी तर म्हणेन, 'श्यामची आई' वाचायला देताना 'आयदान' सोबत द्यावे. एकीवाचून दुसरी अर्धी राहते.

आता वळतो आमच्या गोव्याकडे, कारण दुसऱ्याच्या अंगणातली घाण दाखवून घरी परतायची आपली सवय आहे.

देवळाच्या सेवेला वाहिलेल्या घराण्यांत आई असे आणि 'यजमान' असे. यजमानाचे घर वेगळे, लग्नाची बायको वेगळी, वारस वेगळे. त्याच्या इथल्या मुलांना त्याचे नाव नाही, जमीन नाही आणि श्राद्धाचा अधिकार नाही. पोर्तुगीज नोंदवह्यांत अज्ञात बापाच्या जागी 'पाय इन्कॉग्नितु' असे शब्द लिहीत. बाप कोण हे साऱ्या वाड्याला माहीत असले तरी कागदावर तो अज्ञात! गावावरून आडनाव आपल्याकडे सगळेच लावतात हे खरे. पण ज्यांना दुसरे काहीच मिळण्यासारखे नव्हते त्यांनी गावच बाप केला. केरीच्या केसरबाई केरकर झाल्या, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर झाल्या.

मोगूबाईंचे उदाहरण तर हृदयाला हात घालते. त्यांची आई जयश्रीबाई; मुलगी गायिका व्हावी हाच तिचा ध्यास, आणि मोगू दहाएक वर्षांची असतानाच ती गेली. मोगूबाईंनी तो ध्यास पुरा केला, अल्लादियाँखाँसाहेबांची तालीम मिळवली. पतीच्या मृत्यूनंतर तीन मुलांना एकटीने वाढवले आणि त्यांतल्या थोरलीला आपल्या गळ्यातले सारे दिले. ती थोरली म्हणजे किशोरीताई. १९७४ मध्ये मोगूबाईंना पद्मभूषण मिळाला. पण त्याआधी मैफलींच्या दौऱ्यांत त्यांना कसे वागवले जाई ते किशोरीताई मुलाखतींत कडवटपणे सांगत. स्वतःच्या वागण्यातला ताठपणा त्या ह्या आठवणीशी जोडत. लोक म्हणत, बाई फार तऱ्हेवाईक. आईचा अपमान पाहिलेल्या मुलीला तऱ्हेवाईक असण्याचा हक्क आहे की नाही?

आपण गोवेकर ह्या सगळ्यातले काय उचलतो? सूर. "गोमंतकाची मातीच सुरेल" असे म्हणतो आणि सत्काराला नारळ-शाल आणतो. माती सुरेल असते तर भाटकारांच्या घरांतूनही तेवढेच गायक निघाले असते. ज्या व्यवस्थेने त्या बायकांपुढे गळ्याशिवाय दुसरी मिळकत ठेवली नाही तिच्याबद्दल बोलायचे टाळण्यासाठी आपण मातीला श्रेय देतो. आईच्या महतीचेही असेच होते, असे मला वाटू लागले आहे. तिच्या त्यागाचे जितके कौतुक, तितका त्याग करायला लावणारा नजरेआड. पाटील, यजमान, गोऱ्यांचे सरकार हे सगळे मुकाट्याने मागच्या दाराने निघून जातात आणि पुढच्या खोलीत आईची आरती चालू असते.

कागद हळूहळू बदलतो आहे, हेही सांगितले पाहिजे. ह्याच गुजरातचा एक खटला आहे, रमेशभाई डाभाई नायका ह्यांचा. आई आदिवासी, बाप बिगर-आदिवासी. बापाकडे बोट दाखवून दाखला रद्द केला गेला होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की मूल बापाच्याच जातीचे असे डोळे मिटून धरता येणार नाही. आईकडे वाढले, आईच्या समाजाचे भोग त्याने भोगले, हे दाखवायची संधी त्याला दिली पाहिजे. २०१५ मध्ये अविवाहित आईला बापाचे नाव न सांगता मुलाचे पालकत्व घेता येईल असा निकाल झाला. पासपोर्टाला २०१६ पासून आई किंवा बाप, कोणा एकाचे नाव पुरते. महाराष्ट्राने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर लगेच आईचे नाव घालण्याचे ठरवले. नायका निकालाचा तपशील मी एका कागदावर लिहून समोरच्या बाईला दिला आणि ओळखीच्या वकिलाला दाखवा म्हटले. तिचे प्रकरण वेगळे आहे, निकाल त्याला तंतोतंत लागेल असे नाही. तिने तो कागद पिशवीत घातला आणि पुन्हा कात्री घेतली. गठ्ठा संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.

महाराष्ट्राच्या निर्णयावर आमच्या कचेरीत जेवणाच्या सुटीत चर्चा झाली होती. एकजण म्हणाला, म्हणजे रकाना आणखी एक वाढला. मला वाटते, वाढवून भागणार नाही. आईचे नाव बापाच्या नावासोबत घालणे हा तिचा मान झाला. त्याच्याशिवाय चालणे ही तिची गरज आहे. सोबत घालायला बाप असलेल्या घरांचे ठीकच चालले होते.

शेवटी एक विनंती. काणकोणातल्या पैंगीणचे राजाराम पैंगीणकर हे गोमंतक मराठा समाजाच्या चळवळीतले सुधारक. स्वतः देवदासी घरात जन्मलेले. त्यांचे मराठी आत्मचरित्र १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले, नाव 'मी कोण?'. 'अक्करमाशी'च्या पंधरा वर्षे आधी आपल्या गोव्यात, आपल्या मराठीत, नेमका हाच प्रश्न पुस्तकाच्या कपाळावर लिहिला गेला होता, आणि गोव्यातल्या किती मराठी वाचकांनी ते हातात धरले असेल? मी ते ग्रंथालयात बसून वाचले आहे. दुकानात कधी दिसले नाही. कोणाच्या घरी माळ्यावर, आजोबांच्या पेटीत त्याची प्रत असली तर कृपया कळवा. पाने सुटी झाली असली तरी चालेल, मी स्वखर्चाने छायाप्रती काढून परत करीन. दोन प्रती जास्तीच्या काढायच्या आहेत. एक भाच्यासाठी, कारण नोआ त्याने चाळीस पानांवर सोडला आहे, मराठी कदाचित पुरे करील.